‘काढून टाकलं’ म्हणजे नेमकं काय?

तळासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या आजींशी मी खोटं बोललो. मुद्दाम नव्हे, पण बोललो. त्यांनी विचारलं, “काढलंस का माझं बोलणं?” मी म्हटलं, “हो आजी, काढलं.”

मी हे म्हटलं तेव्हा स्क्रीनवरची कमांड संपलेली होती आणि कुठलाही एरर आला नव्हता. म्हणजे माझ्या बाजूने विषय संपला होता. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर डिस्कवरची जागा एका केबीनेही वाढली नव्हती. आजींचं बोलणं होतं तिथेच होतं. फक्त आता ते मला दिसत नव्हतं.

आपण दिवसातून दहा वेळा ‘डिलीट’ करतो. फोटो, चॅट, नंबर, कधी कधी माणूस. पण ‘काढून टाकलं’ असं जेव्हा आपण दुसऱ्याला सांगतो, तेव्हा आपण त्याला नेमकं काय वचन देतो? मला हा प्रश्न डहाणूतल्या एका खोलीत, चार डिस्कच्या घरघरत्या मशीनसमोर बसून सोडवावा लागला. सुटला असं म्हणणार नाही, पण त्याच्या गाठी कुठे आहेत ते कळलं.

आधी थोडी पार्श्वभूमी. 2006च्या वनहक्क कायद्याने असं मान्य केलं, की जी आदिवासी कुटुंबं 13 डिसेंबर 2005च्या आधीपासून वनजमीन कसत आहेत, त्यांचा तिच्यावर हक्क आहे. मर्यादा चार हेक्टरची. डहाणू-तळासरीतल्या वारली कुटुंबांसाठी हा कायदा म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या ‘अतिक्रमण’ या शिक्क्यातून सुटका. पण हक्क मिळवायचा तर पुरावा लागतो, आणि एक नव्हे, एकापेक्षा जास्त. ज्यांच्याकडे कधी कागदच नव्हता त्यांनी कागद आणायचा कुठून?

तर दोन ठिकाणांहून. पहिलं म्हणजे दंडाच्या पावत्या. जंगलात नांगर घातला म्हणून कधीकाळी गार्डने फाडलेली पावती घरोघरी पत्र्याच्या पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेली असते. तेव्हा तो अपमान होता. आज तोच पुरावा, कारण तारखेसकट सरकारनेच लिहून दिलंय की हा माणूस त्या वर्षी इथे शेती करत होता. दुसरं ठिकाण म्हणजे म्हाताऱ्या माणसांची आठवण. दावेदार सोडून इतर वृद्धांचा जबाब लिहून घेतला, तर नियमानुसार तोही पुरावा धरतात.

आमचा एक छोटा गट या दाव्यांची कागदपत्रं स्कॅन करून ठेवत होता. प्रत्येक दाव्याची वेगळी फाईल. तिच्यात पावती, ग्रामसभेचा ठराव, नकाशा, जबाब. आता गंमत अशी, की एकाच पाड्यावरच्या अकरा दाव्यांत ठराव तोच, नकाशा तोच, पावती कधी कधी तीच (बापाच्या नावाची पावती तिन्ही भावांना लागते) आणि जबाबही तोच. आजींचा. त्यांनी तीन पानी जबाब दिला होता आणि सोबत आम्ही व्हिडिओही केला होता. तो अकरा फोल्डरमध्ये अकरा वेळा पडला.

जागा पुरेना. नवी डिस्क घ्यायला पैसे नव्हते. मग कुणीतरी सुचवलं, आपली फाईलसिस्टीम झेडएफएस आहे, तिच्यात डीड्युप्लिकेशन चालू करा. केलं. सगळा माल नव्याने भरला आणि जादू झाल्यासारखी जागा मोकळी झाली.

ही जादू कशी चालते ते सांगतो, कारण पुढचा सगळा पेच त्यातच आहे. डीड्युप्लिकेशन म्हणजे एकच गोष्ट दोनदा साठवायची नाही. मशीन प्रत्येक फाईलचे तुकडे करतं. झेडएफएसमध्ये तुकड्याचा नेहमीचा आकार 128 केबीपर्यंत. प्रत्येक तुकड्याची एक खूण काढतं, बोटाच्या ठशासारखी. त्याच ठशाचा तुकडा आधीच डिस्कवर असेल, तर नवा लिहीत नाही. एका मोठ्या वहीत त्या ठशापुढचा आकडा फक्त एकाने वाढवतं. आजींचा जबाब अकरा फोल्डरमध्ये दिसतो, पण डिस्कवर तो एकदाच असतो. वहीत त्याच्यापुढे लिहिलेलं असतं: 11.

यावर आणखी एक थर होता, स्नॅपशॉटचा. आम्ही रोज रात्री स्नॅपशॉट घेत होतो. नाव फोटोसारखं असलं तरी तो फोटो नसतो. काहीच कॉपी होत नाही, म्हणून तो क्षणात निघतो. स्नॅपशॉट म्हणजे मशीनने घेतलेली शपथ: ‘या क्षणी जे जे होतं, त्यातलं काही मी जाऊ देणार नाही.’ उद्या तुम्ही फाईल बदला, बदल दुसऱ्या जागी लिहिला जाईल आणि जुना तुकडा आपल्या जागी राहील. तलाठ्याच्या हाताने लिहिलेला जुना सातबारा पाहिला असेल, तर हे लगेच कळेल. हक्क संपलेलं नाव तिथे खोडून टाकत नसत. त्याला कंस करत आणि फेरफाराचा नंबर घालत. कंसातलं नाव गेलेलंही असतं आणि वाचताही येतं.

आता आजी.

त्यांचं म्हणणं साधं होतं. वारली बोली मला त्यांच्या तोंडची तशीच लिहिण्याइतकी येत नाही, म्हणून अर्थ सांगतो. जबाब देताना त्यांनी ओघात सांगितलं होतं, की नवरा वीटभट्टीवर गेला आणि तिथूनच दुसऱ्या बाईबरोबर निघून गेला, परत आला नाही. पुढे कुणीतरी कुठल्याशा फाईलची झेरॉक्स पाड्यावर मोठ्याने वाचली. लोक हसले. नातवाचं लग्न ठरत होतं. आजी डहाणूला आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “जमिनीचं सांगितलं ते सांगितलं. पण ते माझं बोलणं काढून टाक.”

मी अकरा फोल्डरमधून फाईल उडवली, आणि वर सांगितलं ते खोटं बोललो.

जागा का वाढली नाही ते कळायला वेळ लागला नाही. वहीतला आकडा अकरावरून शून्यावर यायचा तर चालू फोल्डर रिकामे करून भागत नाही. रोजच्या स्नॅपशॉटनेही तो तुकडा धरून ठेवलेला होता. स्नॅपशॉटमधून एकच फाईल काढता येते का? नाही. स्नॅपशॉट फक्त वाचता येतो, बदलता येत नाही. काढायचा तर अख्खा. म्हणजे आजींची तीन पानं काढायची, तर त्या दिवसापासूनचे सगळे स्नॅपशॉट मोडायचे. अर्थात उरलेल्या सगळ्या कुटुंबांच्या फायलींचा मागचा इतिहास मोडायचा. चुकून काही उडालं, व्हायरस आला, तर मागे जाण्याची वाट बंद.

एका म्हातारीच्या लाजेसाठी? आमच्यातल्या एकाने हे तोंडावर विचारलं. मला राग आला, पण प्रश्न वाईट नव्हता.

त्याच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच होतं. या मातीत लिहून न ठेवण्याची किंमत लोकांनी मोजलीय. लग्नासाठी सावकाराकडून घेतलेल्या थोड्या पैशांपायी माणूस बायकोसकट त्याच्या घरी राबत राहायचा. लग्नगडी म्हणत त्याला. हिशेब सावकाराच्या वहीत, आणि वही वाचता येणारा सावकारच. 23 मे 1945ला तळासरीजवळच्या झरी गावच्या सभेत वारल्यांनी वेठबिगार नाकारली. त्याच वर्षी 10 ऑक्टोबरला तलवाड्याच्या गोळीबारात पाच जण मारले गेले. हे आज आपल्याला माहीत आहे, कारण ते कुणीतरी सांगितलं आणि कुणीतरी लिहिलं. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ 1970चं. माणसं आपली दुखणी बोलली नसती, तर ते पुस्तकच झालं नसतं. मग आठवण पुसायला मदत करणं हा गुन्हाच नाही का?

पण दुसरी बाजूही याच महाराष्ट्रातली आहे. 12 मे 1875ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं गाठली, ती प्रामुख्याने कर्जरोख्यांसाठी. रोखे काढले आणि जाळले. हा दंगा नगर जिल्ह्यातही पसरला आणि त्यातूनच 1879चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा आला. त्या शेतकऱ्यांना पक्कं कळलं होतं, की काही नोंदी जिवंत आहेत तोवर माणूस सुटत नाही. त्यांच्यासाठी न्याय म्हणजे जतन नव्हतं, न्याय म्हणजे राख होती.

म्हणजे ‘नोंद राहावी’ हेही खरं आणि ‘नोंद जावी’ हेही खरं. फरक कुठे? मला वाटतं, नोंद कुणाच्या हातात आहे आणि ती कुणावर चालवली जाते, यात. झरीच्या माणसांची गोष्ट त्यांच्या बाजूने चालली. सुप्याचे रोखे त्यांच्यावर चालवले गेले. आजींचा जबाब अकरा घरांच्या बाजूने चालला, आणि तोच जबाब, तेच पान, आजींवर चालवलं गेलं.

इथे कायद्याकडे बोट दाखवून सुटता येत नाही. खासगीपण हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 2017मध्ये सांगितलं. 2023च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती दुरुस्त करून घेण्याचा, पुसून मागण्याचा हक्क लिहिलाय. त्यातच अपवादही आहे, ज्या कामासाठी माहिती घेतली त्यासाठी ती अजून लागत असेल तर. अकरा दाव्यांसाठी ती लागतच होती. पण कायदा गृहीत धरतो, की माहिती कुणा एकाची असते. आजींचं बोलणं एकट्या आजींचं होतं का?

मी जबाब पुन्हा वाचला तेव्हा खरी गाठ दिसली. दुसऱ्या पानावर एक वाक्य होतं. त्याचा आशय असा: नवरा निघून गेला त्या पावसाळ्यात समोरच्या उतारावर या घरांची नाचणी आणि वरई उभी होती. आजींना सन सांगता येत नव्हता. त्यांच्या मनात त्या वर्षाचं नाव ‘नवरा गेला ते वर्ष’ असं होतं. शेजाऱ्यांच्या जमिनीचा काळ त्यांनी स्वतःच्या दुःखावरून मोजला होता. लाज आणि पुरावा एकाच वाक्यात, एकाच तुकड्यात. मशीनने जागा वाचवण्यासाठी जे केलं, तेच आजींच्या आठवणीने कधीच करून ठेवलं होतं. एकच गोष्ट, अनेकांसाठी, एकदाच साठवलेली.

अशा वाटून घेतलेल्या गोष्टीची जबाबदारी कुणाची? झेडएफएसमध्ये एक चमत्कारिक गोष्ट आहे. एखादा स्नॅपशॉट किती जागा खातो हे विचारलं, तर फक्त त्याच्या एकट्याच्या तुकड्यांचं माप सांगतो. एखादा तुकडा दोन स्नॅपशॉटनी धरलेला असेल, तर तो दोघांच्याही खात्यात दिसत नाही. दोघेही म्हणतात, माझ्याकडे काही नाही. डिस्क मात्र भरलेली असते. हे वाचताना मला पाड्यावरचं ते हसणं आठवलं. झेरॉक्स दिली त्याने वाचली नव्हती, वाचली त्याने काढली नव्हती, ऐकणारे नुसते ऐकत होते. ज्याला विचाराल त्याच्या खात्यात शून्य.

तोडगा आजींनीच काढला. मी त्यांच्याकडे गेलो, आधी खोटं कबूल केलं, मग ते वाक्य वाचून दाखवलं आणि अडचण सांगितली. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, की त्याच पावसाळ्यात गार्ड आला होता, आणि पावती फाडून गेला होता. पत्र्याची पेटी निघाली. पावतीवर तारीख होती. वनहक्क समितीपुढे त्यांनी नवा जबाब दिला: ‘पावती फाडली त्या पावसाळ्यात.’ सरकारने केलेला अपमान घरच्या अपमानाच्या जागी बसला आणि वर्ष तेच राहिलं. अकराही घरांना विचारलं. एकानेही नाही म्हटलं नाही. दोन घरांनी तर विचारलं, की आधी हे का नाही सुचलं तुम्हाला.

मग मशीन. सगळ्या फायलींची ताजी प्रत वेगळ्या डिस्कवर घेतली, उघडून तपासली आणि जुने स्नॅपशॉट मोडायला घेतले. कमांड लगेच संपली, पहिल्यासारखीच. पण आता मला कुठे बघायचं ते माहीत होतं. ‘फ्रीइंग’ नावाचा एक आकडा असतो, अजून किती मोकळं व्हायचं बाकी आहे ते सांगणारा. तो साधारण एक टीबीवर उभा होता आणि मुंगीच्या पावलांनी खाली येत होता.

इतका संथ का? एक टीबीचे 128 केबीचे तुकडे केले तर सुमारे 84 लाख होतात. चौऱ्यांशीचा फेरा म्हणतात तो हाच, असं आमच्यातला एक जण म्हणालाही. प्रत्येक तुकडा सोडण्याआधी मशीनला त्या मोठ्या वहीत त्याचा ठसा शोधायचा असतो, पुढचा आकडा एकाने कमी करायचा असतो, आणि शून्य झाला तरच जागा सोडायची असते. वही रॅममध्ये मावत असेल तर हे पटकन होतं. दर तुकड्याला वहीत साधारण 320 बाइट लागतात. आमच्या मालाची वही 10 जीबीच्या घरात जात होती आणि रॅम होती 8. मग दर नोंदीसाठी डिस्कवर जायचं. ठशांना काही क्रम नसतो, म्हणून डिस्कची सुई कधी या टोकाला, कधी त्या टोकाला. फिरणारी डिस्क अशा सेकंदाला शंभरेक फेऱ्या मारते. 84 लाख भागिले 100, म्हणजे दुसरं काही काम नसताना 23 तास. आमच्याकडे तीन दिवस लागले. मध्ये एकाला वाटलं मशीन अडकलंय, त्याने बटण दाबून बंद केलं. पुन्हा चालू केल्यावर त्याने सोडलेलं काम तिथूनच पुढे सुरू केलं.

त्या तीन दिवसांत मला आधी त्या मशीनबद्दल आदर वाटला. ते प्रत्येक तुकड्यापाशी थांबून विचारतंय, ‘हा आणखी कुणाला लागतो का?’ कुणाच्याही पायाखालची जमीन न काढता काढून टाकायचं, तर वेळ लागणारच. घाईने पुसणाऱ्याने हे विचारलेलं नसतं. सुप्याची होळी एका दिवसात झाली, कारण तिथे कुणाला विचारायचं नव्हतं.

मग दुसरा विचार आला, आणि तो इतका गोड नव्हता. या संथपणाला मी तत्त्वज्ञान म्हणत होतो, पण निम्मा संथपणा आमच्या कंजूषपणाचा होता. डीड्युप्लिकेशन ही उधारी आहे. साठवताना पैसे वाचतात, पुसताना व्याजासकट द्यावे लागतात. वाचवले आम्ही. तिष्ठत राहिल्या आजी. पुरेशी रॅम घेतली असती, वहीसाठी वेगळी वेगवान डिस्क लावली असती, किंवा डीड्युप्लिकेशन चालूच केलं नसतं, तर हेच काम तासाभराचं होतं. कुठलीही व्यवस्था ‘पुसायला वेळ लागतो’ असं सांगते, तेव्हा दोन प्रश्न विचारावेत. हा वेळ इतरांना विचारण्यात जातोय, की आधी केलेल्या काटकसरीचं बिल आहे? आणि बिल असेल, तर ते भरतंय कोण?

आम्ही डीड्युप्लिकेशन बंद केलं. तेही नुसतं बटण फिरवून होत नाही. पुढचं लिखाण साधं होतं, पण जुना माल वहीतच अडकून राहतो. सगळं नव्याने उतरवून घ्यावं लागलं. सवय सोडली म्हणून आधी केलेलं फिटत नाही, हे मशीनलाही लागू आहे.

शेवटचं वचन उरलं होतं. ‘फ्रीइंग’ शून्यावर आला म्हणजे आजींचं बोलणं गेलं का? अजूनही पुरतं नाही. मोकळी झालेली जागा म्हणजे ‘इथे आता दुसरं लिहायला हरकत नाही’ एवढंच. तिथले जुने ठसे नवीन काही पडेपर्यंत असतात. म्हणून मोकळ्या जागेवर मुद्दाम भरताड लिहून घेतलं. आणि कागद? दाव्यांच्या छापील प्रती उपविभागीय समितीकडे आधीच गेल्या होत्या. नवा जबाब जोडायचा अर्ज करता येत होता, जुनं पान उपटून आणता येत नव्हतं. ती झेरॉक्स कुठे आहे कुणास ठाऊक. आणि जे हसले त्यांच्या डोक्यातला स्नॅपशॉट मोडण्याची कमांड नाही.

डहाणूच्या या पट्ट्यात लग्नाचा चौक भिंतीवर काढतात. तांदळाच्या पिठाने, सवाशिणी मिळून. लग्न झालं की तो जपून ठेवत नसत. भिंत पुन्हा सारवली जायची आणि पुढच्या लग्नाला नवा चौक. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी तीच चित्रं कागदावर आणली, ती जगभर गेली, 2011मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि ती आता राहणार आहेत. दोन्ही चांगलंच. पण सारवलेल्या भिंतीच्या माणसांना काही गोष्टी जाण्यासाठीच असतात हे कुणी शिकवायला लागत नाही. शिकायचं होतं मला.

मी आजींकडे गेलो आणि सगळं सांगितलं. काय गेलं, काय गेलं नाही, काय माझ्या हातात नाही. “काढलं” हा एक शब्द सांगायला या वेळी अर्धा तास लागला. त्या ऐकत होत्या. दारासमोर नातवाच्या लग्नाच्या मांडवाचे बांबू येऊन पडले होते.

शेवटी त्यांनी विचारलं, “म्हणजे तू काढलंस, बाकीच्यांनी नाही.”

“हो आजी.”

“चालेल,” त्या म्हणाल्या. “तू आधी खोटं सांगितलंस तेव्हा बाकीच्यांचं मला कळलंच नव्हतं.”